पाचव्या घरापुढची खुंटी

राष्ट्रीय सण आला की प्लंबरकाकांच्या अंगात येई. सकाळीच सहा स्वयंसेवक गोळा करून ते गल्लीतल्या प्रत्येक घरापुढे झेंडा लावत. त्यासाठी फरशीत भोकं पाडून त्यांनी स्वतः लोखंडी नळकांडी पुरली होती. काठी आत सरकवली की झालं. गल्लीतले नळही त्यांनीच बसवलेले, त्यामुळे शब्दाला वजन होतं.

फक्त पाचव्या घरी, नर्सबाईंच्या नळकांड्यात लाकडी खुंटी ठोकलेली. मागच्या सणाला काकांनी ती पाहिली आणि चारचौघांत बाईंचा उद्धार केला. "देशाचं एवढं वावडं असेल तर इथे राहता कशाला?" तेव्हापासून गल्लीने बाईंशी बोलणं टाकलं. बाई कोपऱ्यावरच्या नळावरून बादल्या वाहताना काकांना रोज दिसत. पण रागावलेल्या माणसाला चौकशी करायला सवड कुठे असते!

आज सणाच्या सकाळी काका स्वयंसेवकांच्या पुढे, छिन्नी-हातोडा घेऊनच आले. दोन घाव घातले, खुंटी उडाली आणि पाण्याची चिळकांडी थेट त्यांच्या तोंडावर.

बाई धावत आल्या. भोकात फडकं कोंबत हळूच म्हणाल्या, "काका, तुम्ही भोक पाडलंत तेव्हाच माझा पाइप फुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आल्यावर कळलं. दोनदा सांगायला आले, तुम्ही दारातूनच घालवलंत."

काकांनी भोकाकडे पाहिलं. तो पाइप त्यांनीच टाकला होता. कुठून जातो ते त्यांना नाही तर कुणाला ठाऊक असणार?

"मग बाकीच्यांना का नाही सांगितलंत?"

"चाळीस वर्षं नळ बसवलेत तुम्ही. लोक तुम्हाला हसले असते."

तेवढ्यात बाकीचे स्वयंसेवक पोचले. त्यांतले मास्तर लांबूनच गरजले, "काय झालं हो? बाईंनी पुन्हा काही करून ठेवलं वाटतं!"

एकच वाक्य बोलायचं होतं. काकांनी तोंड उघडलं.

"पाइप जुना होता," ते म्हणाले. "गंजलेला."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग मास्तरांना म्हणाल्या, "हो. जुनाच होता."

बाईंनी थोबाडीत मारली असती तर काकांना बरं वाटलं असतं. शरमेने त्यांचे कान तापले. हातातला हातोडा कुठे ठेवावा ते कळेना.

मास्तरांनी त्यांच्या ओल्या खांद्यावर थाप मारली. "बघा, सणाच्या दिवशीसुद्धा काका दुसऱ्याच्या कामाला हजर!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना वाजवता आल्या नाहीत. त्या दोन्ही हातांनी फडकं दाबून बसल्या होत्या.