एकाच लॉटचे फोटो

“हाऊ स्वेटर कोन्हा शे वं, प्रमिला?”

शेजारच्या सरलाबाईनं फोटो चष्म्याला चिकटवून विचारलं आणि प्रमिलाच्या हातातली भाकरी तव्याऐवजी स्टोच्या कडेवर पडली. स्वेटर तिनंही पाहिला होता. पाकीट फोडल्याबरोबर तोच पाहिला होता. पण आपण पाहिलेली गोष्ट शेजारणीच्या तोंडून ऐकली की तिला पाय फुटतात, आणि डिंडोलीतल्या त्या गल्लीत तर पंखच फुटत.

फोटोत एक कालवा होता, मागे पान नसलेली झाडं होती आणि कठड्यापाशी एक गोरी, उंच बाई उभी होती. अंगात तांबडा स्वेटर, छातीवर आडवा पांढरा पट्टा. तिच्या शेजारी प्रमिलाचा नवरा हेमराज, पातळ शर्टात, दोन्ही हात काखेत घालून हसत होता. आता याआधीच्या महिन्यांत आलेले तीन फोटो काढून बघा. तिन्हींत हाच स्वेटर, पण हेमराजच्या अंगात.

“तथा थंडी ऱ्हास. दिना व्हई कोनी,” प्रमिला म्हणाली.

“दिना व्हई! तुले कोनी दिना का कधी आंगवरना कपडा काढीसन?” सरलाबाईनं फोटो खाली ठेवला. “मी काही म्हनत नही वं माय. पन मन्हा मामेभाऊ दगा मस्कतले गया व्हता. पहिले वरीस फोटो उनात. दुसरे वरीस फोटोमा एक बाई उनी. तिसरे वरीस फोटोच बंद.”

काही म्हणायचं नसताना सरलाबाई एवढं म्हणत असे. म्हणायचं असतं तर काय झालं असतं, देव जाणे.

नववीतली नीलम मात्र आईच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, “पप्पाने तो जलसा छे!” आणि मैत्रिणींना सांगायला पळाली.

जलसाच खरा, नुसती चैन. एकोणीस वर्षं बारा-बारा तास यंत्रमागावर उभं राहून हेमराजची कंबर धरली होती. कोणीतरी डिंडोलीच्या शाळेत भरलेल्या फुकटच्या योगशिबिराला जायला सांगितलं. तो गेला तो तिथलाच झाला. कंबर तर सुटलीच, पण चाळिशीतला हा वाळका माणूस असा काही वाकायला लागला की शिबिराचे गुरुजी नरेंद्रभाई बघतच राहिले. नरेंद्रभाईंना सगळी आसनं तोंडपाठ होती, पण पोट मध्ये येई. मग घोडदौड रोडच्या त्यांच्या केंद्रात नरेंद्रभाई बोलत आणि हेमराज वाके. शहाण्णव साली सुरतच्या एका हिऱ्याच्या व्यापाऱ्यानं बेल्जियमला, अँटवर्प गावात, आठ महिन्यांचा वर्ग ठरवला आणि नरेंद्रभाईंबरोबर हेमराजही निघाला. मागवाला बेल्जियमला चालला! गल्लीनं नारळ दिले, हार घातले, फक्त बँड आणायचा बाकी ठेवला.

तेव्हापासून महिन्याला एक पत्र आणि पत्रात एक फोटो. पहाटे पाचला उठतो. सहाला पहिला वर्ग, दहाला दुसरा. इथली माणसं बिनतिखटाचं खातात. रविवारी सगळे मिळून फिरायला जातो. मार्चमध्ये मोठ्या घड्याळाचं चर्च होतं, एप्रिलमध्ये बोट, मे महिन्यात समुद्र. प्रमिला ही पत्रं गल्लीला वाचून दाखवी, तेव्हा तिचा आवाज जरा चढायचा. चढणारच की. एकोणीस वर्षांत त्यानं तिला जवळचं उकाई धरणसुद्धा दाखवलं नव्हतं.

आता जूनच्या या चौथ्या पत्रात लिहिलं होतं, ‘इथे गुलाब फुलले आहेत. कालव्यावर गेलो होतो. लोक चांगले आहेत. काळजी करू नकोस.’ काळजी करू नकोस असं आधीच्या पत्रांत कधी नव्हतं. ते याच पत्रात का लिहावं लागलं? कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. प्रमिलाला जग तांबडं दिसायला लागलं, आणि मध्ये पांढरा पट्टा.

रविवारी ती घोडदौड रोडला नरेंद्रभाईंच्या घरी गेली. त्यांच्या पत्नी सुषमाबेन झोपाळ्यावर बसून भेंडी चिरत होत्या. बेल्जियमच्या फेरीत बायकोला नेलं नाही म्हणून त्यांचाही राग असेल असं प्रमिलाला वाटलं होतं, पण सुषमाबेन तर खुशीत होत्या.

“चिंता मत करो, प्रमिलाबेन. हेमराज तो वहाँ सबका लाडला है. ये लिखते हैं, उसके हाथ की दाल के बिना किसी को चलता ही नहीं.”

“दाल?” प्रमिलानं विचारलं.

“हाँ ने. बहुत मस्त बनाता है.”

प्रमिला उठली. पाणीही प्यायली नाही. घरी हा माणूस माठातलं पाणी हातानं घेत नसे. नीलमच्या वेळी ती बाळंतीण असताना दहा दिवस सरलाबाईच्या घरून जेवण आलं, पण यानं स्टो पेटवला नाही. तो तिकडे डाळ करतो? बाईमाणसासाठी चूल पेटवणाऱ्या पुरुषाबद्दल आणखी काय पुरावा पाहिजे? रिक्षात बसल्याबसल्या तिनं बेल्जियममध्ये एक घर उभं केलं, त्यात तांबडा स्वेटर खुंटीला टांगला आणि डाळीला फोडणीही दिली. घरी येईपर्यंत ती पुरती रडून मोकळी झाली होती.

त्या संध्याकाळी तिनं पत्र लिहिलं. सातवी पास झालेल्या बाईचं पत्र, लांबलचक नव्हतं. ‘तिकडेच सुखी राहा. परत येण्याची तसदी घेऊ नका. नीलमचं मी बघून घेईन. मला कमवता येतं.’ विमानाच्या पाकिटात घालून तिनं ते गोंदानं चिकटवलं. त्याचे चारही फोटो एका पिशवीत भरले. ते तापीत टाकायचे की सरळ स्टोवर धरायचे, हे मात्र ठरेना.

सोमवारी दोन्ही बरोबर घेऊन ती कामावर गेली. पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये ती अकरा वर्षं चेकिंगला होती. रंगून-छापून आलेलं कापड टेबलावरून सरकत जायचं, वर ट्यूबलाइटांची रांग, आणि प्रमिलाच्या हातात खडू. डाग दिसला की खूण. खात्याचे मास्तर म्हणत, प्रमिलाबेनच्या टेबलावरून गेलेलं कापड बाजारातून परत येत नाही. टपालपेटी फाटकाबाहेरच होती, पण सकाळी उशीर झाला होता. जेवणाच्या सुट्टीत पत्र टाकू, असं तिनं ठरवलं.

त्या दिवशी नेमका एका तांबड्या मालावरून गोंधळ झाला. कापडाचे दोन ताके शेजारी ठेवून मास्तर डोकं खाजवत होते. एक आजचा, एक मागच्या महिन्याचा, असं कामगार सांगत होता.

“नही मास्तर,” प्रमिलानं दोन्हींच्या काठांवर बोट फिरवलं. “एक ही लॉट का है. एक ही दिन रंगा है. महिने का फरक होता तो रंग के शेड में दिखता.”

हे बोलून ती जेवायला बसली. डबा उघडला, तसाच बाजूला सारला. पिशवी उघडली, आणि का कोण जाणे, हात धुऊन तिनं ते चारही फोटो रिकाम्या टेबलावर ट्यूबखाली शेजारी शेजारी मांडले. शेवटचं एकदा बघून घ्यावं.

बघता बघता तिची नजर माणसांवरून कापडावर गेली. तिचा इलाज नव्हता, ती नजर तशीच घडली होती. डाव्या बाहीच्या टोकाला एक डाग होता. चर्चपाशी होता. बोटीत होता. समुद्रावर होता. त्या गोरीच्या अंगात स्वेटर होता तेव्हाही होता. पिवळा, बोराएवढा, खाली जरा ओघळलेला. हळदीचा डाग. डाळ करताना सांडलेली.

हळदीचा डाग काय चीज आहे, हे प्रमिलाला कोणी शिकवायला नको होतं. साबण लागला की तो लाल होतो. उन्हात वाळत घातला की उडून जातो. मार्चपासून जूनपर्यंत तो पिवळाधमक राहूच शकत नाही. एकदा धुतलं तरी नाही.

तिनं झाडं पाहिली. चारही फोटोंत एकाला पान नाही. गुलाब फुललेल्या जूनमध्येही नाही. समुद्राच्या फोटोत ऊन डोक्यावर होतं. कालव्याच्या फोटोत सावल्या लांब झाल्या होत्या. दिवसभर अंगात असलेला स्वेटर संध्याकाळी जिचा तिला परत गेला होता, म्हणून तर हा काखेत हात घालून उभा होता. थंडीनं गारठून, कॅमेऱ्याकडे बघून हसत.

एकाच लॉटचा माल. चार महिन्यांत हा माणूस एकदाच बाहेर पडला होता. बाकीचे सगळे रविवार तो डाळ करत होता. परक्या बाईसाठी नव्हे, सगळ्या वर्गासाठी. आणि तो एक दिवस चार तुकडे करून महिन्या-महिन्याला घरी पाठवत होता.

प्रमिलाला आधी सुटल्यासारखं वाटलं. माझा आहे, माझाच आहे! आणि दुसऱ्याच क्षणी त्या पातळ शर्टाकडे बघून तिला असं भडभडून आलं की शेजारच्या टेबलावरची पुष्पाबाई डबा सोडून धावली. “काय झालं वं?” चिकटवलेलं पत्र प्रमिलानं फाडलं, आणखी फाडलं, आणि कटिंगच्या चिंध्यांच्या पोत्यात खोल दाबलं. घरी जाऊन दुसरं लिहिलं. ‘फोटो छान आला. तब्येतीला जपा. आम्ही वाट बघतो.’

ऑक्टोबरात हेमराज आला. दारात सतरंज्या पडल्या, गल्ली लोटली. त्यानं चॉकलेटचा डबा उघडून प्रमिलापुढे धरला, तेव्हा तिनं त्याची बोटं पाहिली. टोकं पांढरी, सुरकुतलेली, बेचक्यांत चिरा. ब्लीचिंग खात्यातल्या, दिवसभर पाण्यात हात असलेल्या माणसांची बोटं अशी असतात. आसनं करणाऱ्याची नसतात.

हेमराज सांगत होता. घड्याळ कसं वाजतं, पुलाखालून बोट कशी जाते. सांगताना तो मधून मधून प्रमिलाकडे बघे आणि नजर काढून घेई. सरलाबाई पुढेच बसली होती.

“भाऊ, तो तांबडा स्वेटर आना नही का?” तिनं विचारलं. “सगळा फोटोमा तोच व्हता ना.”

हेमराजचा हात डब्यावरच थांबला. “तो... तथाच...” सरलाबाईचा नवरा भाईदास विडी विझवून सरसावून बसला.

“मीच लिखेल व्हतं, आनू नका म्हनीसन,” प्रमिला आतल्या दारातून म्हणाली. “सुरतमा स्वेटर कोन घालस वं? पेटीमा उंदरं खातीन.”

लोक हसले. सरलाबाई काही हसली नाही. “ते फोटो देख बरं एकदा. मन्हा हातमा दे.”

प्रमिला पिशवी घेऊन बाहेर आली, पण फोटो तिनं सरलाबाईच्या हातात दिले नाहीत. स्वतःच उभं राहून एकेक धरून दाखवू लागली. हाऊ मार्चना. हाऊ एप्रिलना. प्रत्येक फोटोत तिचा अंगठा डाव्या बाहीच्या टोकावर होता, घट्ट. अकरा वर्षांत दिसलेला डाग तिनं असा खडू न लावता कधी पुढे जाऊ दिला नव्हता.

हेमराजनं तो अंगठा पाहिला. चारही फोटोंवर एकाच जागी पाहिला. मग त्यानं आपली बोटं मुठीत मिटली आणि मान खाली घातली.

प्रमिला त्याच्या शेजारी येऊन बसली. फोटो पदराखाली घेतले.

“सांगा ना,” ती म्हणाली. “बोटीमा बठनात, मंग?”