मुआवियाचा केस आणि सप्ताहाची वीणा

आमच्या वरवट बकालात हनुमान मंदिरासमोर दरवर्षी हरिनाम सप्ताह बसतो. कीर्तन म्हटलं की मी जेवण विसरतो. माझी बायको अन्नपूर्णा म्हणते, "माह्या हातचंच विसरता, महाप्रसादाचं बरं ध्यानात राह्यते!" गावानं मला सप्ताहाचा अध्यक्ष केलं ते या प्रेमापोटी, अकलेपोटी नव्हे.

सप्ताहाची वीणा एकदा उभी राहिली की शेवटच्या दिवशीची पंगत उठेपर्यंत खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, असा अखंड पहारा. आणि काल्याच्या कीर्तनाला वीणा ज्याच्या गळ्यात, त्याच्या पाया सारं गाव पडतं, कीर्तनकार महाराजसुद्धा. यंदा हा मान दोघांना हवा होता. वरच्या आळीचे उकंडराव आणि खालच्या आळीचे निवृत्तीभाऊ. दोघे एकमेकांचे व्याही. उकंडरावांची लेक समीक्षा निवृत्तीभाऊंची सून. आता व्याह्यानं व्याह्याच्या पाया पडायचं, हे दोघांच्याही घशाखाली उतरेना. दोघांनी मला निक्षून सांगितलं होतं, "वीणा नाही भेटली, तं पुढल्या साली आमच्या आळीचा सप्ताह अलग."

एका गावात दोन सप्ताह! मी गफ्फार सरांकडे गेलो. सर उर्दू शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, घर मंदिराच्या मागं. ओट्यावर बसून भोंग्यातलं कीर्तन ऐकतात आणि महाराजांचा सूर कुठं घसरला ते दुसऱ्या दिवशी मला सांगतात.

"सर, तुमच्या इतिहासातल्या एखाद्या बादशायनं असं भांडण कसं मिटवलं असतं?"

"उमय्या घराणं आयकलं का, भाऊराव? राजधानी दमास्कस. त्याचा पयला खलिफा मुआविया. तलवारीपेक्षा जिभेनं काम काढणारा माणूस. थो म्हने, लोकाइच्या आन् माह्या मधात एक केस जरी असला, तरी मी थो तुटू देत नाई. लोक खेचतीन, तं मी ढील देतो..."

"वा, वा! पुंडलिक वरदे!" मी टाळी वाजवून उठलोच. कीर्तनानं लागलेली खोड आहे ही. दृष्टांत अर्ध्यावर आला की आपण डोलायला लागतो, उरलेला अर्धा टाळांत बुडून जातो.

"अहो बसा, पुढचं आयका तं!"

"समजलं, सर, समजलं!"

आणि मी ढील द्यायला सुरुवात केली. उकंडराव आले, "वीणा माह्या गयात." म्हटलं, "हाव, तुमच्याच." निवृत्तीभाऊ आले, "वीणा माह्या गयात." म्हटलं, "हाव, तुमच्याच." उकंडरावांना फेटा हवा होता, हाव. निवृत्तीभाऊंना माइकवर आपलं नाव पुकारून हवं होतं, हाव. कोणी रागावेना. दमास्कस चालवणं तितकंसं अवघड नसावं, असं मला वाटू लागलं.

काल्याच्या दिवशी दोघेही नवं धोतर नेसून हजर. पहाऱ्यावरच्या जानरावानं गळ्यातली वीणा काढायला मान वाकवली, तोच एकानं पट्टा धरला, दुसऱ्यानं भोपळा.

"सोडा, इवाई."

"काऊन सोडू? अध्यक्षानं मले सांगतलं."

"मलेबी सांगतलं!"

सारा मंडप माझ्याकडे बघू लागला. मी मंदिराच्या कळसाकडे बघू लागलो.

तेवढ्यात महाराज उभे राहिले, गजर सुरू झाला. वीणा खाली टेकवता येईना आणि सोडवत कोणालाच नव्हती. उकंडरावांच्या गळ्यात पट्टा, निवृत्तीभाऊंच्या कडेवर नातवासारखा भोपळा. पावली सुरू झाली तेव्हा एक पुढं गेला की दुसरा ओढला जायचा. टाळकरी हसू दाबता दाबता ताल चुकले. शेवटी महाराज पाया पडायला वाकले. कोणाच्या पडावं? ते दोघांच्या मधोमध वाकले. तिथं मंडपाचा खांब होता. मग महाराजांमागून सारं गाव त्या खांबाच्या पाया पडलं. एका आजीनं तर खांबापुढं नारळही ठेवला.

पंगत बसली. दोघे वीणा धरून उभेच. जो सोडील तो हरला. समीक्षा मठ्ठ्याची कळशी घेऊन आली. "घ्या बाबा. घ्या मामाजी. ऊन लय हाये." दोघांचा एकेक हात मोकळा होता. एकानं पेला रिकामा केला की दुसरा कसा मागं राहील? ती भरत राहिली, ते पीत राहिले.

गफ्फार सर प्रसादाला आले. मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "सर, ढील देऊ देऊ हे असं झालं!"

"अर्धंच घेऊन पयाले ना तुमी! थो पुढं म्हने, लोक ढील देतीन, तं मी खेचतो. खेचाचंबी असते, भाऊराव!"

इकडं उकंडराव एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागले. "अध्यक्ष, वीणा धरता का जरा? आलोच."

"मलेबी जाचं हाये," निवृत्तीभाऊंच्या कपाळावर घाम. "लवकर धरा, भाऊ!"

मी दोन्ही हात पाठीमागं बांधले. आयुष्यात पहिल्यांदा खेचत होतो.

"धरतो ना. पयले एकमेकाच्या पाया पडा. आन् सप्ताह एकच राहीन, असं माइकवर सांगा."

"आत्ता?"

"मले काई घाई नाई."

"बाबा, अजून मठ्ठा देऊ?" समीक्षानं कळशी पुढं केली.

दोघे एकदमच वाकले. फेट्यावर टोपी आपटली. गफ्फार सरांनी माइक पुढं धरला आणि सप्ताह एकच राहणार हे भोंग्यातून दोघांच्या तोंडून एका दमात साऱ्या गावानं ऐकलं. इतकी घाईघाईची शपथ मी कधी ऐकली नव्हती. मी वीणा गळ्यात घेतली, तसे दोघे धोतर सावरत मंदिरामागं पळाले.

तिथं संडास एकच. बराच वेळ आवाज येत राहिले.

"तुमी पयले जा, इवाई."

"नाई हो, मान तुमचा."

"असं कसं? मुलीवाले आमी..."