रसाचा गुण

पालघरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पुष्पलता मेहेर डेमॉन्स्ट्रेटर होती. मुरबे गावातली पहिली बी.एस्सी. त्रेसष्ट साली, लग्नाला दोन महिने होतात न होतात तोच, तिचा नवरा कमलाकांत होडीसकट समुद्रात गेला. त्याला आता चार वर्षं झाली होती. ती सासूजवळ, येसूबाईजवळच राहिली. रोज तरीतून खाडी ओलांडून सातपाटी, तिथून एसटीनं पालघर.

विद्यार्थी घरी गेले की ती मागे थांबून फळमाश्या पाळायची. दुधाच्या बाटल्यांत गूळ-मक्याची लापशी, तोंडाला कापसाचा बोळा. एका परदेशी नियतकालिकात तिनं वाचलं होतं, की नराच्या एका ग्रंथीतला रस मादीचं वागणंच पालटतो. सोबत बीज नसलं तरी. ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

"बाई, तुम्ही प्रॅक्टिकलची तयारी बघा," विभागप्रमुख म्हणाले. सूक्ष्मदर्शक मात्र वापरू दिला.

कोषातून नुकत्याच बाहेर आलेल्या, नराशी गाठ न पडलेल्या माद्या तिनं वेगळ्या काढल्या. त्यांना ईथर देऊन, केसासारख्या काचनळीनं नराची ग्रंथी त्यांच्या पोटात सोडली. तीस मेल्या, अकरा जगल्या. दोन दिवसांनी बाटलीत नर सोडले, तर आठ जणींनी त्यांना लाथा मारून हाकललं. वर अंडी घालायला लागल्या, कधीच न फुटणारी अंडी. नुसती सुई टोचलेल्या माद्यांनी मात्र नरांना लगेच जवळ केलं.

पुष्पलता स्टुलावरून उठून उभीच राहिली. शिपाई बुधा खिडक्या लावत होता. तिनं त्यालाच सगळं सांगितलं.

"बरं झालं बाई," तो म्हणाला, आणि किल्ली मागितली.

त्याच रविवारी सातपाटीच्या महादू तांडेलचं स्थळ आलं. बिजवर, शांत माणूस. पुष्पलतानं नाही म्हटलं. हा तिसरा नकार. नवऱ्याच्या आठवणीत राहिलेली बाई म्हणून गावात तिचं कौतुक व्हायचं.

येसूबाई बोंबील वाळत घालत होती. "पोरी, मी काय तुला बांदून नाय ठेवली. का नको म्हणतेस?"

कसं सांगावं कळेना, म्हणून पुष्पलतानं माश्यांचं सांगितलं. येसूबाईनं नीट ऐकून घेतलं.

"मंजे नर नसला तरी त्याचा रस तिला दुसऱ्याकडं जाऊ देत नाय. तसाच माजा कमळ्या तुज्यात हाय."

तिच्या तोंडावर इतकं समाधान होतं, की पुष्पलतानं गप्प बसायला हवं होतं.

"नाय, आई. माला त्याचं तोंड पण नीट आठवत नाय. मी त्याच्यासाठी नाय थांबले. माला कोणीच नको वाटतो, आणि एकटीला करमत पण नाय. का, ते माला ठाव नाय."

येसूबाईनं हातातला बोंबील टोपलीत परत ठेवला आणि आत गेली. त्यानंतर आठवडाभर जेवायला हाक मारण्यापलीकडे ती बोलली नाही. त्या घरात कमलाकांतची आठवण काढणारं आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते आपणच, हे पुष्पलताच्या बोलण्यानं येसूबाईला कळलं होतं.

ग्रंथी सोडल्याच्या दहाव्या दिवशी आठातल्या पाच माद्यांनी नरांना जवळ येऊ दिलं. बीजाची जोड नसली की रसाचा गुण ओसरत होता. पुष्पलतानं सगळं टिपण मुंबईच्या एका प्राध्यापकांना पाठवलं. महिन्यानं उत्तर आलं: काम चोख आहे, माद्यांची संख्या वाढवा, जूनपासून आमच्याकडे संशोधनाला या.

तिनं पत्र वाचून दाखवलं. येसूबाईनं वाळत घालायला घेतलेला बोंबील टोपलीत परत ठेवला.

"तिथं कोण हाय तुजं?"

"कोणी नाय."

"जा," येसूबाई म्हणाली. "तिथं कोणी इचारलं तर सांग, सासू हाय मनून."

पुष्पलता रडेल असं दोघींनाही वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं टोपली उचलली आणि उरलेले बोंबील वाळत घालायला घेतले.