नाइसुलामागचा डोंगर

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. उत्तर केनियातल्या एका राखीव जंगलाच्या कचेरीत, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात मी पडून असतो. माझ्या बटणांच्या फटींत अजून तांबडी धूळ आहे. ती कपाटातली नव्हे, रानातल्या रस्त्यांची आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते सांगून तुम्हाला कंटाळा आणत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते किनोतीच्या गळ्यात पडल्यावर. किनोती मेरू नावाच्या गावाकडचा. बुटका, बडबड्या आणि स्वतःच्या कामाचा भारी अभिमान असलेला. तुम्हाला वाटेल, जंगलातला फोटोग्राफर म्हणजे सिंहाची झेप टिपणारा. छे! आमचं काम होतं कान टिपायचं. तिथल्या प्रत्येक गेंड्याच्या कानाला लहानपणीच खाचा पाडतात. कुणाला दोन, कुणाला तीन, कुणाला एकाच कानावर. त्यावरूनच त्याची ओळख पटते. दर तीन दिवसांत प्रत्येक गेंड्याच्या कानाचा फोटो कचेरीत आलाच पाहिजे, नाहीतर त्याला शोधायला माणसं सुटत. कारण एका शिंगासाठी त्यांचा जीव घेणारे लोक कुंपणापलीकडे कायम टपलेले असत.

उजाडता उजाडता निघायचं, ऊन डोक्यावर येईपर्यंत हिंडायचं, गाडीच्या सावलीत मक्याच्या पिठाची उगाली आणि पालेभाजी खायची, आणि मग कचेरीत बसून कान जुळवायचे. हजारो कान टिपले मी. कधीकधी कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू?

गाडीत किनोतीशेजारी लेकूपे बसत. ते सांबुरू जमातीचे, साठीला आलेले रखवालदार. सगळे त्यांना आदराने 'मझे' म्हणत. किनोतीही म्हणे, पण त्याचा आदर तेवढ्यापुरताच.

"मेरूवाल्या, तोंडाला जरा कुलूप लाव," लेकूपे म्हणत. "गेंड्याला दिसतं कमी, पण ऐकू येतं."

"मझे, मग तुम्ही घोरता तेव्हा तो पळून कसा जात नाही?"

"मी घोरत नाही. विचार करतो."

"हो का? मग आज फारच मोठ्याने विचार केलात!"

लेकूपेंचा सगळा जीव नाइसुला नावाच्या मादीवर. नाव त्यांनीच ठेवलेलं. दुष्काळाच्या वर्षी डोक्यावरून गवताचे भारे नेऊन त्यांनी तिला जगवली होती. त्या वर्षी त्यांची स्वतःची निम्मी गुरं मेली, पण तिला उपाशी ठेवलं नाही. त्यामुळे ती गाडीच्या अगदी जवळ यायची. लेकूपेंचा एकच नियम होता, आणि तो ते रोज ऐकवत. "गेंड्यामागे डोंगर नको. ओळखीचं झाड नको, पाणवठा नको. नुसतं गवत. चोराला आपण वाट सांगायची नाही."

तो नियम पाळणं आम्हाला सोपं होतं. माझी लांब लेन्स मागचं सगळं पुसट करून टाकायची. पण एकदा तिच्यात धूळ शिरली आणि ती दुरुस्तीला नैरोबीला गेली. त्या आठवड्यात किनोतीने मला छोटी लेन्स लावली. लेकूपे मुलीच्या लग्नासाठी घरी गेले होते. आणि नेमकी त्यातल्याच एका सकाळी नाइसुला चार महिन्यांचं पिल्लू घेऊन समोर उभी राहिली. कोवळं ऊन, पिल्लाच्या अंगावर ओला चिखल, आणि मागे तो दोन सुळक्यांचा डोंगर. त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही तो ठाऊक आहे. मित्रांनो, दृष्ट लागावी असा फोटो निघाला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला.

कचेरीत देताना किनोतीने डोंगर कापून टाकला. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

पण सुट्टीच्या दिवशी तो गावातल्या कागेंडोमावशीच्या हॉटेलात जेवायला जायचा. मावशीही मेरूकडची, आणि जीभ तिखट.

"काय रे, जंगलात फोटो काढतोस म्हणतोस, एक दाखवशील तर शपथ! गाड्या धुतोस ना तिथे? खरं सांग, आईला नाही सांगणार तुझ्या."

सगळं हॉटेल हसलं. किनोतीही हसला, पण त्याला ते लागलं. पुढच्या सुट्टीला तो तोच फोटो मोठा करून, चौकटीत घालून घेऊन आला. कापलेला नव्हे, अख्खा. डोंगर काढला की निम्मी शोभा जात होती, आणि मावशीच्या भिंतीकडे कोण बघायला येतंय, असं त्याला वाटलं. चहाच्या थर्मासांच्या वर खिळा ठोकला गेला तेव्हा मी त्याच्या गळ्यात होतो. मलाही फार अभिमान वाटला होता. आज त्याची लाज वाटते.

दोन महिन्यांनी, एका सकाळी, त्या डोंगराच्या पायथ्याशी गिधाडं उतरताना दिसली. नाइसुला कुशीवर पडली होती. शिंग होतं तिथे बघवत नव्हतं. पिल्लू तिच्या पोटाला ढुसण्या देत दूध मागत होतं.

मेलेल्या गेंड्याचेही फोटो काढावे लागतात. चारही बाजूंनी, आणि ओळख पटावी म्हणून कानांचे. किनोतीचे पहिले फोटो हललेले आले. लेकूपेंनी मागून त्याचा दंड धरला.

"कान नीट घे, पोरा. तिच्या नावात चूक व्हायला नको."

मग मी ते कान टिपले. पिल्लाला घोंगडीत गुंडाळून गाडीत घातलं तेव्हा ते सारखं मागे वळून बघत होतं.

चोरांपैकी एक जण पुढे सापडला. त्याच्या फोनमध्ये एका फोटोचा फोटो होता. नाइसुला, पिल्लू, डोंगर, आणि कोपऱ्यात थर्मासाचं झाकण. कचेरीत तो सगळ्यांना दाखवला. किनोती गप्प बसला असता तर कदाचित गोष्ट तिथेच संपली असती. पण संध्याकाळी कचेरीच्या पडवीत तो लेकूपेंसमोर जाऊन उभा राहिला. मी टेबलावर होतो.

"मझे, तो फोटो मी दिला होता. मावशीच्या हॉटेलात लावायला."

लेकूपे चहाच्या कपाकडे बघत होते. "ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"बाजाराच्या दिवशी बघितला होता मी. त्याच्याच खाली बसून दोन कप चहा प्यायलो."

"मग मला बोलला का नाहीत? शिव्या घालायच्या! भिंतीवरून ओढून काढायचा होता तो!"

"डोंगर दिसला मला. आत शिरल्या शिरल्याच दिसला. म्हटलं, उद्या सांगू मेरूवाल्याला." लेकूपेंनी कप दूर सारला. "पण पोरा, किती छान दिसत होती रे ती! पलीकडच्या बाकावर दोन परके बसले होते. त्यांना मीच बोट दाखवून सांगितलं, ही आमची नाइसुला. मी वाढवलीय हिला."

किनोती खाली बसला. दोघांपैकी कुणीही चहा प्यायलं नाही.

दुसऱ्या दिवशी किनोतीने मला कचेरीत जमा केलं. आता तो पोरक्या पिल्लांच्या गोठ्यात दुधाच्या बाटल्या धुतो. फोटो काढायला नवा माणूस आला आहे, त्याचा कॅमेराही नवा आहे. माझ्याकडे कुणी बघत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू गोष्टीच्या शेवटी तुमच्याकडे स्वतःसाठी काहीतरी मागतात. आमची धूळ पुसा, आम्हाला टाकू नका, असं. मला स्वतःसाठी काही नको. पण समोर येईल ते सगळं मी उतरवून घेतो. काय वगळायचं ते मला समजत नाही, ते तुम्हालाच समजायला हवं. आपल्या लाडक्याचं चित्र चारचौघांत मिरवाल तेव्हा त्याच्यामागे काय दिसतंय ते एकदा बघा. नाइसुलाला मारणारे दुष्ट होते, यात शंका नाही. पण त्यांना तिची वाट दाखवली ती आम्ही तिघांनी, आणि आम्हा तिघांचाही तिच्यावर फार जीव होता.