फडक्याला भिणारी दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. मित्रांनो, माझे लोखंडी पाय आणि पुरुषभर उंचीचा देह पाहून तुम्ही म्हणाल, ही कसली कोणाला भिणार! पण खरे सांगते, मी जन्माची भित्री आहे. जिन्याची मला भीती वाटते, दमट हवेची वाटते, पण सर्वांत जास्त भीती वाटते ती फडक्याची. हसू नका. घरोघरी खिडकीच्या गजाला वाळत असते ना, ते साधे पुसायचे फडके.  असे का, ते ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस असलेल्या एका काकांनी मला आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर घडवले. काचेच्या दोन जाड चकत्या एकमेकींवर ठेवायच्या, मध्ये ओली, खरखरीत पूड घालायची आणि टेबलाभोवती फिरत फिरत घासत राहायचे, म्हणजे त्यातली एक काच सगळीकडून सारखी झिजत वाटीसारखी खोलगट होते. काका सात महिने फिरले. काकू म्हणायच्या, "एवढं चालला असतात तर पायी माझ्या माहेरी पोचला असतात!" मग त्या काचेवर त्यांनी चांदीसारखा मुलामा चढवून घेतला. तो कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ असतो. असा माझा आरसा तयार झाला आणि लांब नळकांड्याच्या तळाशी जाऊन बसला. मित्रांनो, हा आरसा म्हणजेच मी. बाकी सगळा पत्रा आणि स्क्रू.

काका मला गच्चीत उभी करत. शेजारीपाजारी रांग लावून चंद्र बघत. टपाल वाटणाऱ्या एक बाई चंद्रावरचे खड्डे पाहून गच्चीच्या पायरीवरच बसल्या आणि म्हणाल्या, "आता मला कोणी चंद्र गुळगुळीत आहे असं सांगू नका." केवढे कौतुक झाले तेव्हा माझे! आरशावर वर्षानुवर्षांची धूळ बसली होती, पण काकांनी तिला कधी हात लावला नाही. कोणी फडके घेऊन पुढे आले की ते आडवे होत. "आरशाला धूळ चालते, फडकं चालत नाही. धुळीत बारीक खडे असतात. फडकं फिरलं की तेच खडे मुलामा ओरबाडतात." त्यांचे हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले की माझ्या अंगात भिनले.

काका गेले, त्यांच्यामागून काकूही गेल्या. पुतण्याने घर रिकामे केले आणि दोन खुर्च्या, एक पंखा आणि मी असे सगळे जुन्या सामानाच्या दुकानदाराला विकले. तिथे पहिल्याच दिवशी माझ्यावर आकाश कोसळले.

दुकानदार माणूस वाईट नव्हता. त्याला वस्तू चकचकीत करायची हौस होती, एवढेच. त्याने माझा तळ उघडला, आरसा बाहेर काढला आणि म्हणाला, "अरे बापरे, किती ही घाण!" मग खांद्यावरचे फडके घेतले, त्यावर भांडी घासायची पूड टाकली आणि जोर लावून गोल गोल फिरवले. मी किंचाळले असते, पण आम्हा वस्तूंना तोंड कुठे असते? तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला. त्याने आरसा खिडकीपाशी धरला तेव्हा तो लखलखत होता. फोटोत त्याहून लखलखला. पण त्या लखलखाटाखाली हजारो बारीक ओरखडे होते आणि ते फक्त मला ठाऊक होते. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ते काही खोटे नाही.

त्या फोटोसकट मला फोनवरच्या लिलावात मांडले. मुदत रविवारी दुपारी चारपर्यंत. दुकानदार आणि त्याचा मेहुणा एका बाकड्यावर बसून चहा पीत बघत होते. खरे गिऱ्हाईक दोनच होते. एकाने स्वतःचे नाव 'चश्मेवाला' असे लावले होते, दुसरीने 'शिलाईवाली'. दोघांची बोली हळूहळू चढत होती. तेवढ्यात चश्मेवाल्याने जाहिरातीखाली प्रश्न लिहिला, "आरसा आजवर कधी पुसला आहे का?"

 दुकानदाराने छाती फुगवून उत्तर लिहिले, "रोज पुसतो साहेब! एक कण धूळ सापडली तर नाव बदलीन."

चश्मेवाल्याने त्याच क्षणी लिलाव सोडला. त्यानंतर त्याची बोली आली नाही. मला वाटले, आता शिलाईवालीही शहाणी होईल. पण तिने तेच उत्तर वाचले आणि तिला वाटले, केवढी निगा राखली आहे हो! तिने बोली वाढवली.

"एकटीच उरली," दुकानदार म्हणाला.

"मी आहे ना," मेहुणा म्हणाला आणि आपल्या फोनवरून तिच्यावर चढी बोली लावली.

"अरे, ताणू नकोस, तुटेल."

"नाही तुटत. बाईचा जीव अडकलाय. बघ तू."

खरेच तिचा जीव अडकला होता. कोणीतरी आपली वस्तू हिसकावून नेत आहे असे वाटले की माणूस किंमत बघत नाही, नुसता हिसकावणाऱ्याकडे बघतो. ती चढत गेली, मेहुणा चढवत गेला. शेवटची दोन मिनिटे उरली तेव्हा बोली मेहुण्याच्याच नावावर अडकली होती. दोघांच्या हातातला चहा निवला. मी मनात म्हणत होते, बाई, थांब, आता तरी थांब. मग फोन वाजला. शिलाईवाली जिंकली होती. तेवढ्या पैशांत तिला दुकानातून कोरी करकरीत दुर्बीण मिळाली असती आणि वर बसायला स्टूलही.

खोक्यात मला गच्च बांधले. अंधारात, हिंदकळत, उलटीपालटी होत मी दोन दिवस प्रवास केला. सारखे वाटत होते, ती डोळा लावेल, तिला कळेल, मग माझे काय होईल? आणि तिचे काय होईल?

खोके उघडले ते एका शिवणकामाच्या खोलीत. भिंतीला कापडाचे तागे, मध्ये कापणीचे मोठे टेबल, खाली चिंध्यांचा ढीग. खोके उघडणारी शिलाईवाली घाईघाईने दोऱ्या कापत होती. मला वाटले आनंदाने, पण तिचे सगळे लक्ष दाराकडे होते. पलीकडच्या खोलीत तिची थोरली बहीण, ताई, शर्टांना काज-बटणे करत बसली होती. कापड आले असे सांगून खोके तिच्यासमोरून आत आणले होते. दोघीच बहिणी त्या घरात राहत. हिची चाळिशी उलटली होती, तरी ताईसाठी ती छोटीच होती.

छोटीने मला टेबलामागे, ताग्यांच्या आड लपवले आणि तिथेच खाली बसून माझ्याशी कुजबुजली. तेव्हा मला सगळे कळले. दिवसभर सुईच्या नाकात बघून तिचे डोळे दुखत. डॉक्टर म्हणाले होते, "रोज थोडं लांबचं बघत जा." तिने ते जरा जास्तच लांब नेले. आणि माझ्यासाठी मोजलेले पैसे ताईच्या कवळीचे होते. ताईचे पुढचे दात गेले होते. ती पाव दुधात भिजवून खात असे आणि सांगत असे, "कवळी आली की पहिलं एक सफरचंद. कापायचं नाही. सबंध, चावून." दोघींनी मिळून साठवलेले ते पैसे होते आणि ताईला यातले अवाक्षरही माहीत नव्हते.

छोटी म्हणाली, "थोडक्यात मिळेल असं वाटलं होतं गं. उरलेले परत ठेवले असते."

त्या दिवसापासून आम्ही दोघी भित्र्या एकाच खोलीत राहू लागलो. ताईने हाक मारली की छोटीच्या हातातली कात्री पडायची. चोराच्या मनात चांदणे म्हणतात, तसे झाले. ताईने सहज विचारले, "आज जेवत का नाहीस?" तरी हिचा चेहरा पांढरा पडायचा.

तिसऱ्या दिवशी ताई औषध आणायला गेली. दिवेलागणीची वेळ होती. छोटीने मला मागच्या खिडकीशी ओढले आणि कोवळ्या चंद्रावर धरले. मी जीव एकवटून प्रयत्न केला, मित्रांनो. पण चंद्र दुधात पडल्यासारखा दिसला. ना कडा, ना खड्डे. तिने डोळा चोळून पुन्हा पाहिले. पुन्हा तेच. ती रडली नाही. तिने मला परत ताग्यांमागे ठेवले.

मग तिने फोनवरून चश्मेवाल्याला लिहून विचारले, "तुम्ही मधेच का थांबलात?" पाचव्या दिवशी त्याचे उत्तर आले. ते तिने मला हळू आवाजात वाचून दाखवले. "रोज पुसलेला आरसा म्हणजे गेलेला आरसा. बाई, तेव्हाच मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. मुलामाच गेला असेल तर नवा चढवता येतो. पण ओरखडे खालच्या काचेत उतरले असतील तर इलाज नाही, आणि जुना मुलामा उतरवल्याशिवाय ते कळत नाही. आता एक करा, हात लावू नका. सात दिवसांत परत करता येते, परत करा."

अजून दोन दिवस होते. पण वस्तू न्यायला माणूस दारात येणार, आणि बाहेरच्या दाराशीच ताई काम करत बसलेली. आज नको, उद्या, असे करत छोटीने दोन्ही दिवस घालवले. सातव्या दिवशी ती फोन हातात घेऊन माझ्याजवळ बसून राहिली आणि मुदत टळून गेली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो आमच्या पाठी लागला होता.

आठव्या दिवशी छोटी मापे घ्यायला बाहेर गेली. ताईला अस्तराचे कापड हवे होते. तिने तागा ओढला आणि मी उघडी पडले.

"अगं बाई! हे काय?" ताई म्हणाली. तिने मला उजेडात ओढले, नळकांड्यात डोकावली आणि तळाशी आरसा पाहिला. घाईत ठेवल्यामुळे त्यावर चार धागे आणि कापसाचा भुगा बसला होता. ताई स्वच्छतेची भोक्ती. तिने पडद्याची दांडी घेतली, तिच्या टोकाला ओले फडके गुंडाळले आणि बाटली धुवावी तशी दांडी माझ्या आत घातली. ते फडके खाली येताना मी पाहत होते. एक हात उरला. एक वीत उरली. एवढ्यानेही जे काही वाचले असेल ते जाणार होते. माझी पाचावर धारण बसली.

"ताई! नको! पुसू नकोस!"

दारात छोटी उभी होती. एवढे दिवस जिला कुजबुजतानाही भीती वाटत होती, ती सगळी इमारत ऐकेल एवढ्याने ओरडली.

"केवढ्यानं दचकवलंस!" ताईने दांडी बाहेर काढली. "कोणाचं आहे हे?"

गिऱ्हाइकाचे आहे, असे म्हणता आले असते. मी वाट पाहत राहिले.

"माझी आहे," छोटी म्हणाली. "विकत घेतली."

"कितीला?"

छोटीने सांगितले. ताई इस्त्रीच्या स्टुलावर बसली. "आणि एवढे आणलेस कुठून?" असे विचारता विचारताच तिला उमगले. तिने हात तोंडावर ठेवला.

"म्हणजे माझे दात या नळकांड्यात गेले."

"हो."

"आणि यातून दिसतं तरी काय?"

"नीट काहीच नाही, ताई."

त्यानंतर ताई संध्याकाळपर्यंत मान खाली घालून काज-बटणे करत बसली. तिने चार शर्ट पुरे केले. ते मला फडक्याहून वाईट वाटले. मग ती उठली, मला खिडकीशी नेऊन म्हणाली, "दाखव." तिने बराच वेळ डोळा लावला.

"परत का नाही दिलीस?"

"मुदत काल संपली."

"मग काल का नाही बोललीस?"

"तुझी भीती वाटली."

ताईने डोळा बाजूला केला. "पैशांचं मला वाईट वाटलंय. वाटणारच. मला चावून खायचं होतं गं. पण आठ दिवस तू माझ्यासमोर बसून जेवलीस आणि मला भीत होतीस? मी काय तुला खाणार होते? आणि तेही बिनदाताची?"

छोटी आधी हसली आणि मग रडली, तेही धाय मोकलून. ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, पण तिचेही डोळे कोरडे नव्हते.

छोटी म्हणाली, "विकून टाकू का? फोटोत अजून चमकते."

"आपल्या उरावरचं दुसऱ्याच्या उरावर कशाला?" ताई म्हणाली. "आधी दात. मग हिचं बघू."

त्याप्रमाणे झाले. दोघींनी शाळेच्या गणवेशांचे जास्तीचे काम घेतले. ताईची कवळी आली. तिने सबंध सफरचंद माझ्यासमोर बसून खाल्ले आणि बियाही शिल्लक ठेवल्या नाहीत. मग माझ्यासाठी पैसे साठू लागले. ते साठायला वर्ष लागले. तोवर अंगावर अस्तराची खोळ घालून मी कोपऱ्यात उभी होते आणि मला कोणी पुसले नाही.

मित्रांनो, कोणाचीही जुनी वस्तू घ्याल तर आधी तिची कळ जाणणाऱ्याला विचारा. हिसकावणाऱ्याकडे बघून किंमत वाढवू नका. जे कळत नाही ते चकचकीत करायला जाऊ नका. माझा मालक कोणी असो, त्याला माझी एवढीच विनवणी आहे.

उद्या सकाळी माझा आरसा ताईच्या मांडीवर बसून चश्मेवाल्याने सांगितलेल्या कारखान्यात जाणार आहे. तिथे जुना मुलामा उतरवतील. खाली काच शाबूत असली तर मी पुन्हा चंद्र दाखवीन. ओरखडे आत उतरले असले, तर मी नुसता पत्रा आणि स्क्रू. अजून कोणालाच काही ठाऊक नाही. मला फार भीती वाटते आहे. पण या वेळी मी ती ताग्यांमागे लपवून ठेवली नाही. तुम्हाला सांगितली.