हात सोडला की बंद

माझ्या बहिणीची मुलगी आमच्या बागेची मुकादम झाली तेव्हा सगळ्यात जास्त छाती माझी फुगली, आणि सगळ्यात आधी डोक्याला ताप झाला तोही मलाच.

बाग म्हणजे एका मोठ्या दवाखान्याचं आवार. समोर उताराची हिरवळ, तिच्या पायथ्याशी फुलांचे ताटवे, त्यामागे कुंपणाची झुडपं. मधूनमधून बाकं आहेत, त्यांवर बरे होत आलेले रुग्ण ऊन खात बसतात. काम करणारे आम्ही चौघं. उंच फांद्या कापणारा लांब्या. कुंपण छाटणारी कात्रीवहिनी, जिला हे नाव हत्यारापेक्षा समोरच्याचं बोलणं मध्येच तोडण्यावरून पडलं आहे. ताटवे पाहणारी माझी भाची. आणि मी. गवत कापायचं यंत्र माझं. म्हणजे दवाखान्याचं, पण सव्वीस वर्षांत तीन यंत्रं माझ्याच हाताखाली म्हातारी झाली, त्यामुळे कोणी दुसरं त्याच्याजवळ गेलं की मला आपल्या ताटात कोणी हात घातल्यासारखं होई.

मुकादम झाल्या झाल्या भाचीने जाड बूट आणले, डोळ्यांना गॉगल आणले, कानांवर घालायची झाकणं आणली. लांब्याने सगळं अंगावर चढवलं आणि आता तेवढं विमान मिळालं की निघतो, असं जाहीर केलं. गवत कापायच्या आधी हिरवळीवरून एक फेरी मारायची आणि दगड वेचायचे, असाही नियम झाला. त्याची टिंगल मीही केली असती, पण पहिल्याच फेरीत मला एक चमचा, दोन गोट्या आणि कोणाची तरी कवळी सापडली. कवळीचा मालक तीन दिवस नुसतं पातळ पीत होता. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. तेव्हापासून त्या नियमाला मी हसलो नाही.

मग एका सोमवारी तिने सांगितलं की शुक्रवारी नर्सबाई येऊन सगळ्यांचे हात तपासणार. यंत्रं सतत थरथरतात, त्याने बोटं बधिर होतात, आणि ज्याची बोटं बधिर त्याचं यंत्र काढून घेणार. तिने तसं फळ्यावर लिहूनही ठेवलं. ते वाचून मी दोन्ही हात खिशात घातले.

कारण माझ्या उजव्या हाताची तीन बोटं सकाळच्या गारव्यात मेणबत्तीसारखी पांढरी पडत होती. सदऱ्याची बटणं लागत नव्हती. काजं लहान आहेत असं मी बायकोला सांगितलं, तर तिने बिचारीने दोन काजं मोठी करून दिली. तरीही जमेना, तेव्हा ती स्वतःच बटणं लावू लागली. या वयात फारच लाडात आलात, असं रोज ऐकवायची. मी ऐकून घेत होतो. यंत्र गेलं तर मी काय, ताटव्यात बसून तण उपटत राहणार?

आता यंत्राबद्दल एक सांगितलं पाहिजे. त्याच्या मुठीला लागून एक आडवी दांडी असते. ती दाबून धरली की पातं फिरतं आणि चाकंही चालतात. हात सोडला की सगळं बंद. माणूस घसरला, पडला, तर यंत्राने थांबावं म्हणून ती सोय. पण दोन तास दांडी दाबून धरायची तर बोटांत जीव पाहिजे. माझ्या बोटांत तो नव्हता, म्हणून मी दांडी सुतळीने मुठीला बांधून टाकत असे. गाठ अशी, की टोक ओढलं की सुटावी. मला ती गाठ फार हुशारीची वाटायची.

गुरुवारी मी उतारावर गवत कापत होतो आणि वाटेत पाण्याचा पाईप आडवा पडला होता. सुतळी सोडा, यंत्र थांबवा, पाईप काढा, पुन्हा सुरू करा, एवढं कोण करणार? मी नेहमीसारखा यंत्र चालतं ठेवून चार पावलं पुढे गेलो. पाईप बाजूला करायचा आणि यंत्र येईल तेव्हा मूठ पकडायची, हे मी शंभर वेळा केलं होतं. त्या दिवशी पाईप नळाशी अडकला होता. मी ओढतोय, ओढतोय, तेवढ्यात यंत्र पाईप चिरून माझ्या शेजारून निघून गेलं.

उतारावर त्याला पाय फुटले. मी मागे धावलो, तर चिरलेल्या पाईपाने मला नखशिखांत भिजवलं. पुढे बाकावर एक गृहस्थ प्लास्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून वर्तमानपत्र वाचत बसले होते. व्यायाम शिकवणाऱ्या बाई त्यांना महिनाभर विनवत होत्या की पाय जरा उचला, आणि ते म्हणत की उचलत नाही. मी ओरडलो. त्यांनी वर पाहिलं आणि तो पाय सरळ छातीपर्यंत उचलला. खालून यंत्र स्टूल घेऊन गेलं. मग भाचीने स्वतः लावलेला झिनियाचा ताटवा मधोमध भादरला गेला, आणि शेवटी यंत्र कुंपणात तोंड खुपसून गुरगुरत राहिलं.

मी पोचलो, सुतळी ओढली, ते गप्प झालं. सुतळी माझ्या खिशात गेली ती हाताच्या सवयीने, असं मला म्हणता येईल, पण ते खरं नाही.

गृहस्थांचा पाय अजून वरच होता. वर्तमानपत्रही सुटलं नव्हतं. "माझा पाय आहे का ते बघून सांगा," ते म्हणाले.

मी आहे म्हणालो.

"मग खाली ठेवू?"

त्यांना हसू आलं तेव्हा मी गवतावरच बसलो.

अवजारांच्या खोलीत भाचीने अपघाताची वही उघडली. माझा चेहरा पाहून लांब्याने परस्पर सांगून टाकलं की दांडीची तार अडकली असणार. वहिनीनेही मान हलवली. भाची म्हणाली की तार सोमवारीच मेकॅनिकने बदलली आहे, तेव्हा आता त्यालाच जाब विचारायला हवा, आणि त्याचं काम बंद करावं लागेल. मग तिने यंत्र अंगणात ओढलं, सुरू केलं, दांडी सोडली. बंद. पुन्हा सुरू केलं, सोडली. बंद. असं पाच वेळा. पाचव्या वेळेनंतर ती नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली.

मेकॅनिक साधा माणूस होता. आला की आधी यंत्राची विचारपूस करायचा, मग माझी.

"मामा, तार अडकली होती?" भाचीने विचारलं.

मी खिशातून ओली सुतळी काढून बाकावर ठेवली. "बांधली होती. बोटं धरत नाहीत, पोरी. उजव्या हाताची तीन."

कामावर तिला मुकादमबाई म्हणायचं असं आमचं ठरलं होतं. ते त्या वेळी कोणाच्या ध्यानात राहिलं नाही.

मग वहिनीने आपल्या यंत्राचं एक जाड रबर सोडवून सुतळीशेजारी ठेवलं. कुंपण छाटायचं यंत्र दोन्ही हातांनी दोन कळा दाबल्या तरच चालतं. तिने एक कळ रबराने कायमची दाबून ठेवली होती, कारण डावा अंगठा ऐकत नव्हता. लांब्याने आपल्या करवतीच्या कळीवरची चिकटपट्टी सोलून आणली. त्याची बोटं ठणठणीत आहेत म्हणाला, त्याला नुसता आळस आहे.

भाची त्या तीन वस्तूंकडे पाहत खाली बसली. "म्हणजे मी तपासणी लावली आणि तुम्ही सगळ्यांनी हात लपवले."

वहिनीने तिलाही मध्येच तोडलं. "तू फळ्यावर लिहिलंस, यंत्र काढून घेईन. मग हात कोण दाखवील?"

मला वाटलं आता भाची चिडणार. ती चिडलीही, पण आधी वहीत सगळं जसं घडलं तसं लिहिलं, माझ्या सुतळीसकट. मग मला अर्धा तास असं फैलावर घेतलं की तिची आई, म्हणजे माझी बहीण, परवडली. त्या गृहस्थांनी पाय वेळेवर उचलला नसता तर, असं तिने दोनदा विचारलं. शेवटी ती उठली आणि फळ्यावरची ती ओळ पुसली. तिच्या जागी काय लिहायचं हे नर्सबाईंना विचारून ठरवू, एवढंच म्हणाली.

शुक्रवारी नर्सबाईंनी माझी बोटं दाबली, टोचली, गार पाण्यात बुडवली. आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर बटणं कायमची बायकोकडे गेली असती, म्हणाल्या. आता हात उबदार ठेवायचे, मुठींना जाड रबर लावायचं, आणि यंत्र एका वेळी वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. त्याहून जास्त एक मिनिटही नाही. हे आम्हा तिघांनाही लागू. म्हणजे सगळ्यांनी सगळी यंत्रं शिकायची आणि पाळीपाळीने चालवायची.

व्यायामाच्या बाई त्या दिवशी गृहस्थांना म्हणत होत्या, काल उचलला तसा पाय उचला. ते म्हणाले, यंत्र आणा.

तर आता माझ्याकडे दिवसाला चाळीस मिनिटं आहेत. पहिले दोन दिवस ती मला फार थोडी वाटली. उरलेल्या वेळात मी ताटव्यातच बसतो. भादरलेल्या जागी पुन्हा झिनिया लावला आहे आणि त्याचं तण मीच उपटतो, अगदी ज्याची मला धास्ती होती तेच. त्यात एक सुख असं आहे की तिथून हिरवळ पूर्ण दिसते आणि दुसऱ्याच्या चुका काढता येतात.

काल वहिनीची पाळी होती. तिची रेघ अशी वाकडी चालली होती की मला बघवेना. मी ताटव्यातून हाक मारून सांगितलं की समोरच्या खांबाकडे बघ, चाकाकडे नको. ती वळली, सव्वीस वर्षं कोण सुतळी बांधून चालवत होतं असं म्हणाली, आणि पुढचं भांडण नीट करता यावं म्हणून तिने दोन्ही हात सोडले.

यंत्र जागच्या जागी गप्प झालं. त्या शांततेत तिने मला काय काय सुनावलं, ते वरच्या मजल्यावरच्या रुग्णांनीसुद्धा ऐकलं.