टॉप मॉडेल आणि थावराची शेळी

हिंगोलीत जुन्या गाड्या विकणाऱ्या पुनमचंदच्या आवारात दोन जीप शेजारी शेजारी उभ्या होत्या. कंपनी एक, वर्ष एक, रंगही एकच पांढरा. चिखलात चारही चाकं फिरवणारा गिअर दोन्हींना होता. फरक होता तो आतल्या थाटाचा. एक टॉप मॉडेल: एसी, मोठा स्क्रीन, मऊ सीटा, दारांना गुबगुबीत अस्तर. दुसरी बेस मॉडेल: मागे समोरासमोर दोन बाक, खाली रबरी चटई, दाराच्या आत उघडा पत्रा. एसी नाही.

शीतलचा निर्णय झालेला होता. ती डोंगरकडा गावची जनावरांची डॉक्टर. तीन पावसाळे तिने स्कूटरवर काढले होते. काळ्या मातीत चाक रुतलं की स्कूटर तिथेच सोडायची आणि बॅग घेऊन चालत सुटायचं. तिला बादलीभर पाण्याने धुता येईल अशी गाडी हवी होती. पंचाईत एवढीच, की हे बाबांना सांगायचं होतं.

बाबा, म्हणजे किशनराव, एकतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. ते टॉप मॉडेलमध्ये पुढे बसले होते. पुनमचंदने एसी लावला, तशी त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले.

"एकतीस वर्षं इंजनाची धग सोसली," ते म्हणाले. "तवाच ठरवलं व्हतं, माझी पोरगी गारव्यात बसंल. हीच घ्यायची."

"बाबा, मागं जनावरं बसवावी लागतात."

"मंग? जनावरं काय गारव्याला न्हाई म्हणत्यात?"

त्या मिटल्या डोळ्यांकडे बघून शीतलची जीभ रेटेना. पुनमचंदला धंद्याची नस ठाऊक होती. "किशनमामा, आधी फिरवून या. सोयरीक काय उभ्या उभ्या जमते का?"

शीतल स्टिअरिंगवर बसली. किशनरावांनी दारावर हात दोनदा मारला. कंडक्टरने पत्रा दोनदा वाजवला की एसटी हलवायची, ही मुरलेली सवय. पण अस्तरावर नुसतंच थप थप झालं. "वाजत न्हाई ही," ते पुटपुटले.

कळमनुरीच्या पुढे तांड्यावर थावराची शेळी पाय मोडून पडल्याचा फोन सकाळीच आला होता. शीतलने गाडी तिकडेच घेतली. शेवटचा मैल सगळा चिखल, पण जीप तो आरामात चढली. किशनराव स्वतःच गाडी घेऊन आल्यासारखे खूश झाले.

तांड्यात मात्र काळ्या काचांची गाडी बघून धावपळ उडाली. म्हातारा थावरा अंगणात शेळी घेऊन बसला होता. त्याने शेळी सुनेच्या हवाली केली, घरात पळाला आणि एक कागद घेऊन बाहेर आला. त्याने तो थेट किशनरावांच्या हातात दिला.

"साहेब, रस्त्याचं निवेदन हाय. मागच्या साहेबांनी हरवलं."

"म्या कशाचा साहेब? म्या डायव्हर!"

"थावराबाबा, मी आहे," शीतल उतरली. "शेळी कुठंय?"

"आवो बाई, तुमी!" थावरा कपाळावर हात मारून हसला. "स्कूटर काहून सोडली?"

तिने पाय तपासला, फळी बांधली. हाडाचा फोटो काढायला हिंगोलीला न्यावं लागणार होतं. "चला, आम्ही तिकडंच जातोय."

थावराने आतल्या सीटा पाहिल्या आणि मागे सरकला. "ह्या गादीवर शेळी? न्हाई बाई. उद्या टमटमनं येतो."

शीतलने विनवलं, दटावलं. शेवटी किशनरावांनी उपरणं अंथरलं, तेव्हा कुठे तो चढला. पण शेळी त्याने मांडीवरून सोडली नाही. तासभर तो सीटच्या कडेला टेकून, पाठ ताठ ठेवून बसला. एसीच्या झोताने शेळी शिंकली, तर त्याने माफी मागितली. किशनराव आरशातून मागे बघत राहिले. नंतर त्यांनी स्वतःच एसी बंद केला आणि काच खाली केली.

दवाखान्यात फोटो निघाला, प्लास्टर चढलं. तिघं आणि शेळी पुनमचंदच्या आवारात परतली. शीतल मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. तेवढ्यात थावरा बेस मॉडेलजवळ गेला, मागचं दार उघडून कुणालाही न विचारता आत चढला, शेळीला चटईवर ठेवलं आणि बाकावर पाय पसरले.

"ही कुणाची हाय? लई बराबर गाडी हाय."

शेळीने लगेच चटईवर लेंड्या टाकल्या. थावराने त्या पायाने बाजूला सारल्या. या वेळी माफी मागितली नाही.

"माझ्या एसटीत लोक कोंबड्या घिऊन असेच चढायचे," किशनराव सावकाश म्हणाले. "कुणी इचारत नसे." मग पुनमचंदकडे वळले. "ही काढ."

"बाबा, गारवा?" शीतलने विचारलं.

"तुला गारवा द्यायला निघालो अन् त्या म्हाताऱ्याला घाम फुटला." त्यांनी टोपी डोक्यावर घट्ट बसवली. "काचा हाईत की. खाली घेऊ."

कागदपत्रं होईपर्यंत थावरा आत बसूनच होता. शेवटी शीतल स्टिअरिंगवर बसली. शेजारी बसलेल्या किशनरावांनी दाराच्या उघड्या पत्र्यावर हात दोनदा मारला.

टण, टण.

"मागचे, सरकून बसा," ते ओरडले. शेळीने मान वर केली, आणि शीतलने गाडी सोडली.